‘लव्ह सेन्सेशन’ची साडेसहा मिनिटं: डॅन हार्टमन, टॉम मोल्टन आणि लोलिएटा हॉलोवे

प्रश्न: मी चार वर्षांपासून लग्नाच्या संगीतांत आणि छोट्या क्लबांत डीजे म्हणून वाजवतो. ब्लॅक बॉक्सचं ‘राइड ऑन टाइम’ लावलं की हॉल उसळतो. परवा कुणी तरी म्हणालं की त्यातला आवाज मुळात डॅन हार्टमनच्या एका डिस्को गाण्यातला आहे आणि त्या तबकडीवर ‘अ टॉम मोल्टन मिक्स’ असं छापलेलं असतं. हा हार्टमन कोण? मोल्टनने नेमकं केलं काय? आणि मूळ गाणं आजच्या सेटमध्ये चालेल का?

उत्तर: आधी थोडक्यात सांगतो. ते मूळ गाणं म्हणजे १९८०चं ‘लव्ह सेन्सेशन’. गाणारी लोलिएटा हॉलोवे, लिहिणारा आणि निर्माता डॅन हार्टमन, मिक्स टॉम मोल्टनचा. साल्सोल या न्यूयॉर्कच्या कंपनीच्या गोल्ड माइंड लेबलवर ते निघालं आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या डान्स चार्टवर पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि हो, आजही चालतं. कसं वाजवायचं ते शेवटी सांगतो. आधी ही तीन माणसं नीट ओळखून घ्या, कारण त्यांनी काय केलं ते कळलं की गाणं कुठे तोडायचं आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही हे आपोआप कळतं. मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ मिक्सिंग करतोय आणि हे गाणं अजून माझा अभ्यासाचा धडा आहे.

हार्टमन डिस्कोवाला म्हणून जन्मला नव्हता. १९५० साली पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ जन्मलेला हा मुलगा पियानो, गिटार, बास सगळं वाजवायचा आणि वर गायचाही. १९७२मध्ये तो एडगर विंटर ग्रुप या रॉक बँडमध्ये आला. त्या बँडचं ‘फ्री राइड’ हे गाजलेलं गाणं त्याने लिहिलंय. १९७३मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या वाद्यरचनेत बास त्याचाच आहे. म्हणजे केस वाढवलेल्या, मोठाले अँप लावून वाजवणाऱ्या रॉक मंडळींतला माणूस.

मग त्याने कनेटिकट राज्यातल्या वेस्टपोर्टमध्ये, राहत्या घरात, स्वतःचा स्टुडिओ उभा केला. नाव ‘द स्कूलहाउस’. आता ही गोष्ट लक्षात ठेवा: १९७६च्या ऑक्टोबरमध्ये ब्लूजचा बुजुर्ग मडी वॉटर्स याच घरात येऊन ‘हार्ड अगेन’ हा अल्बम ध्वनिमुद्रित करून गेला. निर्माता ब्लूज-गिटारवादक जॉनी विंटर, आणि स्टुडिओ हार्टमनचा. खोलीत सगळे वादक एकत्र बसून वाजवतायत, ढोल खोलीभर घुमतोय, आणि मडी वॉटर्स मध्येच आरोळी देतोय. ती तबकडी आजही लावली की वादक आपल्या समोर बसल्यासारखे वाटतात. माणसाचा मोठा आवाज माइकवर घेताना तो दाबायचा नाही, त्याला अंगण द्यायचं, ही नजर हार्टमनच्या या घरात तेव्हाच होती. माझं मत असं, की चार वर्षांनी हॉलोवेचा आवाज त्याने ज्या धीराने घेतला, त्याची तयारी त्याच्या घरात झालेल्या या ब्लूजच्या कामाने झाली असावी. डिस्कोच्या इतिहासात हा धागा फारसा कुणी ओढत नाही, पण कानाला तो जाणवतो.

१९७८मध्ये त्याने स्वतःच्या नावावर ‘इन्स्टंट रीप्ले’ काढलं आणि रॉकच्या वर्तुळातला हा माणूस एकदम डान्स चार्टच्या डोक्यावर जाऊन बसला. पुढच्या वर्षी ‘रीलाइट माय फायर’. अल्बमवर त्याच्या आधी ‘व्हर्टिगो’ नावाचा वाद्यांचा भाग जोडलेला आहे आणि दोन्ही मिळून प्रकरण जवळपास दहा मिनिटांचं होतं. सगळं गाणं हार्टमन स्वतः गातो, पण मध्यावर एक बाई येते आणि छप्पर उडवून जाते. ती लोलिएटा हॉलोवे.

हॉलोवे शिकागोची, जन्म १९४६चा. चर्चमधल्या गॉस्पेल गायनात वाढलेली, ‘कॅरव्हॅन्स’ या नावाजलेल्या गॉस्पेल मंडळीत गायलेली. आपल्याकडे कीर्तनात किंवा भजनी मंडळात घडलेला गळा कसा ओळखू येतो? माइक असला काय, नसला काय, शेवटच्या ओळीतल्या माणसापर्यंत पोचायचं ही सवय त्या गळ्यात मुरलेली असते. तसंच तिचं होतं. हार्टमनला त्या मधल्या तुकड्यातून कळलं की या आवाजासाठी अख्खं गाणं लिहायला हवं, आणि ‘लव्ह सेन्सेशन’ लिहिलं गेलं. ध्वनिमुद्रणात त्याने तिच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं. तिचा घसा बसायला आला तरी तो थांबला नाही, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलंय. त्या ताणाची खरखर तबकडीवर ऐकू येते. वरच्या सुरावर आवाज किंचित फाटतो आणि नेमका तिथेच अंगावर काटा येतो.

बांधणीकडेही बघा. हार्टमनने शब्द जवळजवळ सगळे आखूड ठेवलेत, एका दमात फेकता येतील असे. सुटे काढले तरी अर्थ राहतो, कारण प्रत्येक तुकडा एक हाक आहे. नाचाच्या गाण्यासाठी लिहिणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दहा वर्षांनी लोकांनी याच गाण्याचे तुकडे का उचलले, त्याचं उत्तर इथे आहे.

आता टॉम मोल्टन. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात जवळचा.

मोल्टन वादक नव्हता. रेकॉर्ड कंपन्यांत विक्रीची, प्रचाराची कामं केलेला, काही काळ मॉडेलिंग केलेला माणूस. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर सँडपायपर नावाच्या ठिकाणी त्याने पाहिलं की लोक रंगात येतात आणि तेवढ्यात तीन मिनिटांचं गाणं संपतं. पुढचं सुरू होईपर्यंत पावलं थांबतात. त्याने घरी बसून गाणी एकात एक जोडलेली टेप केली. ४५ मिनिटांच्या टेपला ८० तास लागले, असं तो सांगतो. डिजिटल कशातलंच काही नव्हतं तेव्हा. टेप ब्लेडने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची.

हे काम मी हाताने केलंय, म्हणून सांगतो. दादरच्या एका स्टुडिओत मी उमेदवारी करत होतो तेव्हा तिथल्या वयस्कर रेकॉर्डिस्टकाकांनी मला पाव इंची टेप जोडायला शिकवलं. दोन्ही रिळं हाताने धरून टेप हेडवर पुढे-मागे घासायची, म्हणजे ढोलाचा ठोका ‘व्हूऽऽप’ असा खोल, लांबट ऐकू येतो. तो जिथे सुरू होतो त्या जागी पिवळ्या खडूपेन्सिलीने खूण करायची. मग अॅल्युमिनियमच्या पट्टीतल्या खाचेत टेप बसवायची आणि तिरका काप घ्यायचा, कारण सरळ काप घेतला तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. एक जोड चुकला तर ठोका अडखळतो, आणि नाचणाऱ्याच्या पायाला ते कानाच्या आधी कळतं. काका एवढंच म्हणायचे, “ऐकू आला तो जोड वाया.” मोल्टनचे जोड ऐकू येत नाहीत.

त्याच्या नावावर दोन शोध सांगितले जातात आणि दोन्ही अडचणीतून निघाले. डॉन डाउनिंगच्या ‘ड्रीम वर्ल्ड’वर काम करताना गाणं मध्येच वरच्या पट्टीत जात होतं. गाणं लांबवायचं तर आधीच्या पट्टीतला भाग पुन्हा जोडावा लागणार आणि तो कानाला खटकणार. त्याने काय केलं, मध्ये सगळी सुरांची वाद्यं काढून टाकली आणि नुसता ताल ठेवला. सूरच नाही तर पट्टी कुठली खटकणार? हाच तो ‘ब्रेक’. आपल्या लावणीत गाणं थांबून ढोलकी एकटी बोलते आणि फड तापतो, तसा तो भाग क्लबांत तापायला लागला, आणि नंतर प्रत्येक डान्स गाण्याला ब्रेक आला.

दुसरा शोध १२ इंची तबकडीचा. मास्टरिंगच्या, म्हणजे तयार गाणं नमुना तबकडीवर कोरण्याच्या वेळी होजे रोद्रिगेझ या इंजिनियरकडची ७ इंची कोरी चकती संपली होती, म्हणून त्याने १० इंचीवर गाणं कापलं. इवलासा खाचांचा पट्टा आणि बाकी सगळी चकती रिकामी, हे मोल्टनला बघवेना. त्याने खाचा पसरवून, आवाज वाढवून कापायला सांगितलं. ऐकलं तर कमाल. पुढच्या वेळी थेट १२ इंची वापरली. कारण साधं आहे: बासचा सूर खाचेला डावी-उजवीकडे मोठा हेलकावा देतो. खाचा दाटीने असतील तर हेलकावा शेजारच्या खाचेवर आदळेल, म्हणून बास आणि आवाज दोन्ही कमी ठेवावे लागतात. जागा मिळाली की दोन्ही मोकळे. एखादी १२ इंची सिंगल खिडकीजवळ तिरपी धरून पाहा. ढोल-बास भरलेला भाग रुंद आणि लाटांचा दिसतो, ब्रेकच्या जागी वेगळी छटा दिसते. जुने डीजे अंधुक उजेडात ती छटा बघूनच सुई ठेवायचे.

१९७६मध्ये डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ वॉल्टर गिबन्सच्या मिक्ससह १२ इंची सिंगल म्हणून दुकानांत विकायला आलं, तेही साल्सोलचंच. म्हणजे ‘लव्ह सेन्सेशन’ आलं तेव्हा या तबकडीची घडण पुरती बसलेली होती.

आता ‘मोल्टनने नेमकं केलं काय’ याचं उत्तर. आपल्याकडे ‘रीमिक्स’ म्हटलं की २००२-०३च्या लाटेतली गाणी आठवतात: जुनं हिंदी गाणं नव्या गायिकेकडून गाऊन घ्यायचं, खाली ढोलाचे ठोके, वर एखादा रॅप. ते खरं तर रीमिक्स नव्हतंच, ते नव्याने केलेलं ध्वनिमुद्रण होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’च्या सवलतीवर तो धंदा उभा होता. २०१२च्या दुरुस्तीनंतर अशा आवृत्तीसाठी मूळ ध्वनिमुद्रणापासून पाच वर्षं थांबावं लागतं. दुसरी एक जात पॅट्रिक काउलीची. त्याने १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डोना समरच्या ‘आय फील लव्ह’चं १५ मिनिटं ४३ सेकंदांचं मिक्स केलं, ते मूळ ट्रॅक हातात नसताना, तयार गाण्यावर स्वतःचा सिंथेसायझर चढवून. ते अफाट आहे, पण त्यात दुसऱ्या संगीतकाराची भर आहे.

मोल्टनची जात तिसरी. त्याच्या हातात मूळ मल्टिट्रॅक टेप असते: ढोल वेगळा, बास वेगळा, पियानो, तंतुवाद्यं, ब्रास, मुख्य आवाज, कोरस, सगळं सुटं. तो नवं फारसं काही वाजवत नाही. कोण कधी खोलीत येणार आणि कोण कधी बाहेर जाणार, एवढंच ठरवतो. ‘लव्ह सेन्सेशन’मध्ये तुम्ही एकदा फक्त पियानोवर कान ठेवून ऐका. तो कधीच थांबत नाही असं वाटतं, पण हॉलोवे वर चढते तेव्हा तो किंचित मागे सरकतो आणि ती श्वास घेते तेव्हा पुढे येतो. तंतुवाद्यं तिच्या ओळीवर पडत नाहीत, ओळींच्या मध्ये पडतात. उत्तरार्धात गाण्याचा आराखडा संपल्यावर ती मोकळी सुटते, हाका मारायला लागते, आणि तिथे मोल्टन खालची गर्दी उपसून काढतो. बेसूर होण्याच्या काठावरची ती आरोळी एरवी कुणीही कापून टाकली असती. त्याने तीच गाण्याचा कळस केली.

साडेसहा मिनिटं हे गाणं एकदाही लांबवल्यासारखं वाटत नाही. मला मिक्स शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो: काय घालायचं ते नंतर विचारा, आधी काय बंद करता येईल ते बघा.

पण १९८०मध्ये ‘लव्ह सेन्सेशन’ला रेडिओवर फार जागा नव्हती. १२ जुलै १९७९ला हॉलोवेच्याच शिकागोत, कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला होता आणि मैदानात दंगल झाली होती. त्यानंतर अमेरिकन रेडिओने डिस्कोकडे पाठ फिरवली. क्लबांनी मात्र ही गाणी सोडली नाहीत. शिकागोत वेअरहाउस क्लबमध्ये फ्रँकी नकल्ससारखे डीजे साल्सोल आणि फिलाडेल्फियाची गाणी वाजवत राहिले आणि त्यातूनच पुढे हाउस हे यंत्राच्या ठोक्यांवरचं नाचाचं संगीत निघालं.

तिथून हे लोण युरोपात गेलं. इटलीतल्या डॅनिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि व्हॅलेरिओ सेंप्लिची या तिघांनी १९८९मध्ये ब्लॅक बॉक्स नावाने ‘राइड ऑन टाइम’ काढलं. हॉलोवेचा नुसता आवाज घेतला, त्याचे तुकडे सॅम्पलरवर (आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रावर) चढवले आणि खाली हाउसचा पियानो टाकला. नावसुद्धा ऐकण्यातल्या चुकीतून आलंय. ती गाते ते ‘राइट ऑन टाइम’. ब्रिटनमध्ये गाणं सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्या वर्षीचं सगळ्यात जास्त विकलं गेलेलं सिंगल ठरलं. टीव्हीवर ओठ हलवायला कातरीन किनोल ही मॉडेल उभी होती. हॉलोवेचं नाव कुठेच नव्हतं. तिने कायदेशीर दाद मागितली, तडजोड झाली, तिला पैसे मिळाले. दरम्यान दुसरी गायिका हेदर स्मॉल हिच्याकडून ते बोल गाऊन घेऊन नवी आवृत्तीही निघाली. त्यामुळे तुमच्याकडे कुठली आहे ते तपासून बघा. आरोळीच्या टोकाला आवाज फाटत असेल तर हॉलोवे, गुळगुळीत उतरत असेल तर स्मॉल.

इथे हिशेब समजून घ्या, कारण तुम्ही स्वतः गाणी करायला लागाल तेव्हा उपयोगी पडेल. एका ध्वनिमुद्रणात दोन मालकी हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द-चालीचा, आणि दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. सॅम्पल, म्हणजे असा तयार तुकडा, घ्यायचा तर दोन्हीकडे परवानगी लागते. पहिला हक्क हार्टमनचा, दुसरा कंपनीचा. गाणारीचं काय? तिच्या करारात जे लिहिलं असेल तेवढंच. शिवाय अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की लेखकाला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. म्हणून ज्या आवाजामुळे जग नाचलं तिच्या हाताला सगळ्यात कमी लागलं. मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. १९९१मध्ये मार्की मार्क अँड द फंकी बंचने ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये हेच गाणं वापरलं, तेव्हा मात्र हॉलोवेचं नाव छापलं आणि तिला व्हिडिओतही घेतलं. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लेखकांच्या नावांत हार्टमन होताच.

हार्टमन तोवर डिस्कोच्या कितीतरी पुढे गेला होता. १९८४मध्ये ‘आय कॅन ड्रीम अबाउट यू’ अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. चार्ली मिडनाइटबरोबर त्याने जेम्स ब्राउनसाठी ‘लिव्हिंग इन अमेरिका’ लिहिलं, ते ‘रॉकी ४’ या चित्रपटातून जगभर पोचलं आणि ब्राउनला ग्रॅमी मिळवून गेलं. टिना टर्नरच्या १९८९च्या ‘द बेस्ट’चा सहनिर्माता तोच, आणि त्यातला सॅक्सोफोन त्याच्या जुन्या बँडच्या एडगर विंटरचा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: मोठ्या गळ्याच्या माणसासाठी नेमकी जागा बांधणं. स्वतः उत्तम गाणारा असूनही तो दुसऱ्याचा आवाज पुढे करत राहिला.

१९९३च्या ऑक्टोबरमध्ये टेक दॅट हा ब्रिटिश पॉप बँड आणि गायिका लुलू यांनी ‘रीलाइट माय फायर’ पुन्हा गायलं आणि ब्रिटनमध्ये ते पहिलं आलं. हॉलोवेचा मधला भाग लुलूने केला. पुढे पाचच महिन्यांनी, २२ मार्च १९९४ला, हार्टमन वेस्टपोर्टमध्ये एड्समुळे गेला. वय ४३. हॉलोवे गेली २१ मार्च २०११ला.

आता तुमच्या सेटचं. मूळ गाणं जरूर वाजवा, पण दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावर विसंबू नका. ढोल माणसाने वाजवलाय, लय श्वासासारखी थोडी पुढे-मागे होते. सॉफ्टवेअरमधली ग्रिड (ठोक्यांच्या खुणांची चौकट) एकदाच लावून ठेवली तर दोन मिनिटांनी ती सरकलेली असेल, म्हणून दर आठ-सोळा मात्रांनी खुणा हाताने लावा किंवा सरळ पिच, म्हणजे गाण्याचा वेग बदलण्याची कळ, हातात ठेवा. आधीच्या हाउस ट्रॅकचा बास पूर्ण खाली घेतल्याशिवाय याचा बास उघडू नका, नाहीतर दोन्हींचा चिखल होतो. जुन्या तबकडीवरून उतरवलेली फाइल असेल तर तिला कॉम्प्रेसरने (आवाजाचे चढ-उतार दाबणाऱ्या यंत्रणेने) फुगवू नका, आवाज थोडा कमी वाटला तर चॅनेलचा गेन वाढवा. लग्नाच्या हॉलमध्ये लोक ‘राइड ऑन टाइम’च्या अपेक्षेत असतील तर ते आधी लावा, त्याची वेळ संपत आली की नुसत्या पियानोवर आणा आणि तिथून मोल्टन मिक्सच्या उत्तरार्धात उतरा. ओळखीचा आवाज येईल, पण या वेळी तुकड्यांत न येता सलग येईल. त्या जागी फेडर, फिल्टर, इको, सगळ्यांवरून हात काढा आणि तिला शेवटपर्यंत गाऊ द्या.